गोड न लागणारी साखर

रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून चालणारा माणूस पायानं चालत नाही, अंगठ्यानं चालतो. धुरा म्हणजे भाताच्या दोन बांध्यांमधला, म्हणजे खाचरांमधला, मातीचा अरुंद बांध, आणि पावसात त्याचं लोणी होतं. एकोडीच्या आमच्या शेतात बाबा डोक्यावर पऱ्ह्यांचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, भारा घेऊन त्याच्यावरून असे जायचे की बघणाऱ्याला सडकच वाटावी. उजव्या पायाचा अंगठा मातीत रोवायचा, तोल सांभाळायचा आणि मग दुसरं पाऊल उचलायचं. मी लहानपणी त्यांच्या मागून जायचे आणि दर चार पावलांवर चिखलात पडायचे. "अंगठा गाड, अंगठा," असं ते मागे न बघताच ओरडायचे.

तोच अंगठा वाचवायला एका हिवाळ्यात आई, बाबा आणि मी अशा आम्ही तिघांनी जिवाचं रान केलं. ते रान चुकीच्या दिशेनं केलं, हे नंतर कळलं.

बाबांना साखरेचा त्रास बरीच वर्षं होता. गोळ्या ते वेळेवर घ्यायचे, पण चहात तीन चमचे साखर लागायचीच, आणि चहा दिवसातून पाच वेळा. मी लाखनीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, माझं सासरही तिथलंच. दर रविवारी एकोडीला जायचं आणि बाबांच्या चहावरून भांडायचं, हा माझा नेमच होऊन बसला होता. एका रविवारी, दिवाळीच्या थोडं आधी, मी हायवेवरच्या औषधाच्या दुकानातून साखरेऐवजी टाकायच्या गोळ्यांची डबी नेली. डोकं दाबलं की खालून एक गोळी टपकन पडायची.

बाबांनी गोळी जिभेवर ठेवली आणि डोळे मोठे केले. "अव, एवढीशी गोळी आन् एवढी गोड? अन् साखर नाई म्हंतेस?"

"नाई बाबा. साखरेपेक्षा कितीतरी पट गोड आहे, म्हनून एवढीशी पुरते."

"मंग इतके दिवस काहून नाई आनली?"

त्या डबीनं बाबांचा स्वभावच बदलला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. ज्या गावची मंडई, त्या गावात आजूबाजूचे सगळे सोयरे जमतात आणि घरोघरी चहा होतो. नको म्हटलं तर माणसं रुसतात. त्या वर्षी बाबा खिशात डबी घालून प्रत्येक घरी गेले. फिका चहा मागायचा, सगळ्यांच्या समोर डबी काढायची, टप टप दोन गोळ्या टाकायच्या आणि कोणी विचारायची वाट बघत बसायचं. विचारलं की संपलं. "माह्या पोरीनं आनली. सायन्सची मास्तरीन आहे." त्या दिवशी गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी बाबांच्या गोळ्या चाखल्या. डबी रिकामी करून बाबा घरी आले ते निवडून आल्यासारखे.

मग धान कापून झाला आणि रिकाम्या बांधीतून अनवाणी चालताना बाबांच्या अंगठ्यात धसकट घुसलं. धसकट म्हणजे कापलेल्या धानाचा राहिलेला बुडखा. त्याला सुईसारखं टोक असतं. बाबांनी हळद भरली, चिंधी बांधली आणि कोणाला सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी आईला वास आला, तेव्हा कुठे आम्ही साकोलीला डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी जखम साफ केली, रक्त तपासलं आणि कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "महिन्याभरात साखर खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर अंगठा काढावा लागेल."

बाबांनी एवढंच विचारलं, "अंगठ्याबिगर धुऱ्यावर चालता येते का, डॉक्टरसाहेब?"

"काठी घेऊन चालता येईल, काका."

"रोवन्याच्या टायमाले दोन्ही हात भाऱ्याले लागतेत," बाबा म्हणाले. मग त्यांनी खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. "पन साखर तर मी सोडून राहिलो. पाहा."

डॉक्टर हसले. त्यांनी नवी औषधं लिहिली आणि चिठ्ठीच्या खाली दोन ओळी खरडल्या: गोड बंद. भात कमी. ती चिठ्ठी आम्ही तिघांनीही वाचली. म्हणजे खरं सांगायचं तर तिच्यातली पहिली ओळ वाचली.

दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर साखर तिथंच. माझं डोकं फिरलं. चहा फिका, मिठाई बंद, औषधं चालू, मग साखर येते कुठून? घरात नवी गोष्ट एकच होती, ती डबी. माझा संशय तिच्यावर गेला आणि माझा संशय एकदा बसला की तो उठवणं सोपं नसतं. शाळेच्या संगणकावर बसून मी या गोळ्यांवरचं संशोधन वाचायला लागले. इंग्रजी जड होतं, पण मी हट्टी आहे.

वाचलं तसं आणखी गोंधळायला झालं. एका ठिकाणी लिहिलेलं असायचं की ज्यांच्या खाण्यापिण्यात या गोळ्या जास्त, त्यांच्यात साखरेचा आजारही जास्त. वाटायचं, सापडला चोर. दुसऱ्या ठिकाणी कोणी शांतपणे समजावलेलं असायचं की अहो, ज्यांचं वजन वाढलंय, ज्यांना आजाराची भीती आहे तीच माणसं तर या गोळ्यांकडे वळतात. छत्री घेतलेल्या लोकांना बघून छत्रीमुळे पाऊस आला म्हणाल का? कोणी उंदरांच्या आतड्यातले जंतू बदलल्याचं सांगत होतं, तर कोणी उंदराचं माणसाला लावू नका म्हणत होतं. सगळ्या गोळ्या एक नव्हेत, हेही तेव्हाच कळलं. एखादी कारखान्यात तयार होते, एखादी झाडाच्या पानातून निघते, आणि एकीचे गुणदोष दुसरीला लागू होतीलच असं नाही. जगभरातल्या सरकारांना आरोग्याबाबत सल्ला देणारी मोठी संस्था म्हणत होती की वजन कमी करायला यांच्या भरवशावर राहू नका. पण तो सल्ला आधीच साखरेचा आजार असलेल्यांसाठी नाही, असंही तिथंच लिहिलं होतं. म्हणजे बाबांसाठी काय, ते मला कोणीच सांगेना.

एक वाक्य मात्र मी वहीत उतरवून खाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. एकीकडे गोड सोडलेला माणूस नकळत दुसरीकडे त्याची भरपाई करतो, अशा अर्थाचं. मला ते इतकं आवडलं की नववीच्या वर्गात फळ्यावर लिहून समजावलंसुद्धा. थंड पेय बिनसाखरेचं घेतलं म्हणून दोन समोसे जास्त खाणाऱ्या माणसाचं उदाहरण दिलं. पोरं हसली. मीही हसले.

पुढच्या रविवारी मी डबी जप्त केली. बाबा लहान मुलासारखे रुसले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गुळाचा चहा द्या न जी, गुळानं साखर नाई वाढत." मी त्यांच्यावरही खेकसले की गूळ म्हणजे साखरेचाच सख्खा भाऊ. आई चुलीजवळ बसून सगळं ऐकत होती. आठवडाभर बाबांनी फिका चहा प्यायला. आठवड्यानं बोटातून रक्त काढून बघितलं, तर डबी गेली तरी साखर होती तिथंच होती.

तेव्हा कुठे मला शाळेतली गोष्ट आठवली. संशय आला तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मोजायचं. हे मी दरवर्षी पोरांना सांगते. मी बोटातून रक्त काढून साखर बघायचं यंत्र घेऊन रविवारी सकाळीच एकोडी गाठली. उपाशीपोटी मोजलं. मग डबी परत काढली आणि दोन गोळ्यांचा चहा बाबांना दिला. तासाभरानं मोजलं तर आकडा जवळजवळ तिथंच. मग आईनं रोजच्यासारखी पेज दिली, तांब्याभर. पेज म्हणजे तांदूळ मऊ शिजवून केलेली पातळ कांजी, आमच्याकडची न्याहारी. थोड्या वेळानं मोजलं तर आकडा एवढा चढला होता की मी यंत्राकडे बघतच राहिले. दुपारी जेवणानंतर मोजलं तेव्हा बघवलंही नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. मी उंदरांच्या आतड्यापर्यंत जाऊन आले होते आणि बाबांच्या ताटापर्यंत गेले नव्हते.

"भात आहे बाबा. भातानं वाढून राहिली साखर."

"भातानं?" बाबा खरंच हसले. "अव, भात गोड कुठी लागते?"

मी ताटातला कोरा भात एकेक घास तिघांच्याही हातावर ठेवला. "गिळू नका. नुसता चावत राहा." सातवीच्या पोरांना करून दाखवतात तो प्रयोग. आम्ही तिघं ओसरीवर बसून चावत राहिलो. बाबा आढ्याकडे बघत होते, आई माझ्याकडे. बऱ्याच वेळानं बाबांचा जबडा थांबला.

"गोड लागून राहिला व," ते हळूच म्हणाले. साठ वर्षं ज्याच्यात उभे राहिले, त्या धानाची ती चव त्यांना पहिल्यांदा कळली होती.

खरं तर तिथं थांबायला हवं होतं. पण माझा राग वाट शोधत होता. मी आईला विचारलं, "रोज किती वाढतेस?" आईनं पळी दाखवली. आधी तीन पळ्या वाढायची, आता पाच.

"पाच? काहून?"

"साखर सुटली त्याईची," आई म्हणाली. "तोंडाले काही गोड नाई. म्हटलं, पोट तरी भरू दे."

"म्हणजे साखरेच्या बदली तू भात चारून राहिलीस! मी तिकडे दुनियाभरचं वाचून राहिली, अन् तू इथं रोज साखर वाढून राहिली!" ओसरीपलीकडे शेजारच्या काकू उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. आईनं पळी पातेल्यात ठेवली आणि भांडी घासायला गेली.

त्या दिवसापासून ताटात ज्वारीची भाकरी आली, भात मूठभर. साखर उतरू लागली. पण जखम तोवर हाडापर्यंत गेली होती. डॉक्टर म्हणाले, "आठ-पंधरा दिवस आधी साखर उतरली असती तर अंगठा वाचला असता." अंगठा काढला. पाय वाचला. भेटायला येणारे सोयरे खाटेशी बसून हळहळायचे आणि जाताना अंगणात म्हणायचे, "बाईनंच भात चारू चारू हे केलं." आई त्यांना पाणी द्यायची, चहा द्यायची. एकदाही तिनं उलट उत्तर दिलं नाही. बाबांना मी डबी परत दिली. तिच्याबद्दल शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही आणि मीही कोणाला ग्वाही देत नाही, पण आमचा चोर ती नव्हती.

जुलैत शाळेत पचनाचा धडा आला. पोरांना भात चावायला लावला आणि वर्ग शांत झाला, तेव्हा मला एकदम माझाच आवाज ऐकू आला. दिवाळीआधीचा तो रविवार. मी डबी आणली होती तो. आम्ही जेवायला बसलो होतो, माझ्याच ताटात भाताचा ढीग होता, आणि मी मोठ्या मनानं म्हटलं होतं, "आई, बाबांची साखर सुटली आता, भात तरी पोटभर वाढ त्याईले." हातातला खडू मी खाली ठेवला. धडा कसा पुरा केला ते आठवत नाही.

रविवारी शेतात रोवणी चालू होती. बाबा सडकेच्या कडेला काठी घेऊन बसले होते; धुऱ्यावर त्यांना आता जाता येत नाही. आई आणि मी रोवणाऱ्या बायांची शिदोरी घेऊन धुऱ्याच्या टोकाशी उभ्या होतो. मी आईला सांगितलं.

"आठवते मले," आई म्हणाली. "तू म्हनली म्हनूनच तर वाढला. तू शिकेल आहेस."

"मंग इतके दिवस बोलली काहून नाई? मी एवढी चिल्लावली तुझ्यावर. सारे तुलेच बोलले."

आईनं सडकेकडे बघितलं. "त्याईच्यासमोर कायले बोलू? त्याईचा अंगठा गेला. तुह्यावरचा भरोसा तरी राहू दे त्याईचा."

तेवढ्यात सडकेवरून बाबांची हाक आली. कोणी वाटसरू थांबला होता आणि बाबा त्याला काठीनं मला दाखवत होते. "ते पाहा, ते माही पोरगी. भातातली साखर इनंच पकडली." मी आईकडे बघितलं. ती खाली मान घालून बायांसाठी भाकरीवर ठेचा ठेवत होती.