स्तवनाचे स्पीकर

निपाणीचं वळण चुकून मी एकदा सरळ कोगनोळीच्या टोलनाक्यावर जाऊन थांबलो. ज्या गावात जन्मलो, शिकलो, बोहल्यावर चढलो, त्या गावाचं वळण. डोळे उघडे होते असं मी घरी सांगितलं, आणि ते बहुधा खरंही असावं, कारण गाडी रस्त्यावरच होती. पण तवंदी घाट उतरल्यापासून नाक्याच्या दिव्यांपर्यंतचं मधलं काही आठवत नव्हतं.

लपवायची सोय नव्हती. गाडीचा फास्टॅग बायकोच्या मोबाईलला जोडलेला. बेळगावहून परतताना हत्तरगीच्या नाक्यावर पैसे कटले की तिला मेसेज जातो आणि ती अंदाजानं तवा ठेवते. त्या दिवशी भाकरी झाल्या, गार झाल्या, आणि मग दुसराच मेसेज गेला.

"कोगनोळीला का गेलतासा?" तिनं फोनवर विचारलं.

"सहज."

"सहज महाराष्ट्राच्या शिवेला जातंय व्हय माणूस?" मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "झोपलतासा न्हवं?"

"भाकरी झाकून ठेव," मी म्हणालो. बायकोला एवढं पुरतं.

माझी नोकरी बेळगावात, तिची शाळा निपाणीत, आणि आई म्हणते की बस्तीचं, म्हणजे आमच्या जैन मंदिराचं, दर्शन सोडून मी कुठं येणार नाही. त्यामुळं रोज सकाळी जायचं आणि दिवेलागणीला यायचं. पन्नाशीजवळ आलेल्या अंगाला तो रस्ता हळूहळू पिऊन टाकत होता. सकाळी ठीक, संध्याकाळी संकेश्वर मागं पडलं की पापण्या माझं ऐकेनाशा व्हायच्या.

"एक तर तिथं खोली बघा, न्हायतर बसनं जावा," बायको म्हणाली. "माझ्या जिवाला घोर न्हाय पाहिजे."

मी तिसरा मार्ग काढला. गाडीत चांगलं वाजणारं काहीतरी बसवतो, म्हणजे झोप उडेल. "चांगलं" म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. कॉलेजच्या हॉस्टेलवर मला हेवी मेटलचा नाद लागला, तो गळ्यातल्या ताईतासारखा राहिला. लग्नानंतर एकदा खोलीत बारीक आवाजात लावलं होतं, तर आईनं बाहेरून काळजीनं विचारलं, "कोण रडतंय रं?" तेव्हापासून तो नाद गाडीतच राहतो. पण कंपनीच्या जुन्या सेटवर ड्रम सुरू झाला की दारं डब्यात खडे घातल्यासारखी वाजायची. गाणं कुठलं आणि दार कुठलं, कळायचं नाही.

हाताशी पैसे बेताचे, म्हणून आधी मोबाईलवर पुष्कळ वाचलं. आमच्याकडं आवाज चांगला म्हणजे बास दणदणीत. गणपतीच्या डॉल्बीवर कान तयार झालेली माणसं आम्ही. डिक्कीत मोठी पेटी बसवायची आणि मागून येणाऱ्याच्या छातीत धडकी भरवायची. पण मेटलचा ड्रमवाला दोन्ही पायांनी वाजवतो, ठोके पत्र्यावर पडलेल्या गारांसारखे येतात. मोठ्या पेटीत त्या गारांचं पिठलं होतं. शिवाय डिक्की लागतेच, शेंगांची पोती आपोआप चालत येत नाहीत. तेव्हा दारात बसणारे दोन नेमके स्पीकर आणि एक छोटा अँप्लिफायर, एवढंच ठरवलं.

निपाणीत घेणं शक्य नव्हतं. सकाळी दुकानात काय वाजवलं ते संध्याकाळी बस्तीत आईला कळलं असतं. म्हणून बेळगावात, कॅम्पाच्या अलीकडं एक दुकान गाठलं. खिशात पेन ड्राइव्ह. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं.

"बर्री, कूडरी," गल्ल्यावरच्या मालकांनी खुर्ची पुढं केली. माझं मराठी ऐकून तेही मराठीवर आले. "गाव कुठलं अण्णा?"

"निपाणी."

"निपाणीत कुणाच्यातले?"

हा प्रश्न आमच्याकडं टाळता येत नाही. मी सांगितलं. मालक उठूनच उभे राहिले.

"म्हंजे तुम्ही चिकोडीचे जावई की वो! तुमच्या सासऱ्यांच्या गल्लीत आमची आक्का दिल्या!"

दूध आलं, बिस्किटं आली. सासऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग ते मुद्द्यावर आले. "गाडीत काय ऐकता?"

माझा हात खिशात पेन ड्राइव्हवर होता. समोर भिंतीवर भगवंतांचा फोटो, त्याला ताजा हार. तोंडातून शब्द गेला, "स्तवन."

त्या माणसाचा चेहरा असा उजळला की परत फिरणं शक्यच नव्हतं.

"लई बरं वाटलं बघा. न्हायतर येतंय त्याला डॉल्बी पाहिजे. स्तवनाला बास लागतच न्हाय अण्णा. शब्द कळला पाहिजे, झांज सुटी ऐकू आली पाहिजे. ती पेटीबिटी आजिबात घेऊ नका."

मला हवं होतं तेच तो माणूस मला सांगत होता, आणि मी त्याला एक अक्षरही खरं सांगितलं नव्हतं. त्यांनी बायकांच्या मंडळाचं एक स्तवन लावलं. मी डोळे मिटून, मान डोलवत बसलो. झांज खरंच सुटी येत होती, तिच्या मागं गळा वेगळा, बाजाची पेटी वेगळी. मी मनातल्या मनात पेटीच्या जागी गिटार ठेवून बघत होतो. मालकांना वाटलं माझी तंद्री लागली. त्यांनी आवाज न करता दुसरं स्तवन लावलं. मी तेही ऐकलं. एक स्पीकर बदलून पुन्हा पहिलं ऐकलं. जावयाकडून काय कमवायचं म्हणून मालकांनी दरही उतरवला.

"उरल्या पैशात दारं सील करून घ्या," ते म्हणाले. "आत पत्र्याला डांबरासारखी जाड शीट चिकटवायची. भायेरचा आवाज आत न्हाय, आतला भायेर न्हाय. प्रवचन लावलं तरी शब्दन् शब्द कळंल."

तेही तिथंच करून घेतलं. त्या संध्याकाळी बेळगाव सोडल्यावर मी माझं गाणं लावलं. प्रत्येक ठोका वेगळा. गार वेगळी, पत्रा वेगळा. इतकी वर्षं ऐकलेल्या गाण्यात मागं आणखी एक गिटार होतं हे मला त्या दिवशी कळलं. घरी पोचलो तो चक्क ताजा. बायकोनं माझ्याकडं दोनदा बघितलं.

आठवडाभरात मात्र एक गोष्ट ध्यानात आली, ती मी स्वतःलाही सांगितली नाही. इतके दिवस मला थोडंफार जागं ठेवत होती ती गाडीच. खडखडणारं दार, सैल काच, शेजारून जाणाऱ्या ट्रकची घरघर. ते सगळं डांबराच्या शीटनं गप्प केलं होतं. उरलं फक्त गाणं. आणि हॉस्टेलवर सगळी वर्षं मी ह्याच गाण्यांवर झोपलो होतो. लोकांना अंगाई असते, मला हे होतं.

एका शनिवारी बायकोला बेळगावात काम होतं, येताना ती माझ्याबरोबर होती. संकेश्वर मागं पडलं. गाणारा जीव तोडून ओरडत होता. आणि तिनं माझा दंड एवढ्या जोरात धरला की वळ उठला.

"अहो! बाजूला घ्या! आधी बाजूला घ्या!"

गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडं गेली होती. मी एका चहाच्या टपरीपुढं थांबलो. गाणं चालूच होतं. बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

"ह्या बोंबलण्यात माणूस झोपतंय तरी कसं?" शेवटी ती म्हणाली. चिडायलाही तिच्यात जोर नव्हता. "झोपायचंच असलं तर बसनं जावा की. निदान ड्रायव्हर तरी दुसरा असतोय."

सोमवारपासून मी बसनं जाऊ लागलो. सुखानं झोपतो. निपाणी आली की कंडक्टर ओरडतो.

गाडी दारात उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून रोज थोडा वेळ चालू करावी लागते, असं मी घरात जाहीर केलं आहे. बसमधून उतरलो की तिच्यात जाऊन बसतो, दोन गाण्यांपुरता. बाहेर काही ऐकू जात नाही, दुकानदारांनी काम चोख केलंय. मधल्या काळात जावई गाडीत स्तवन ऐकतात ही बातमी चिकोडीहून फिरून आईपर्यंत आली. काचेतून मी डोळे मिटून मान हलवताना दिसलो की ती शेजारणीला सांगते, "त्याला हाक मारू नका गं, स्तवन ऐकतोय." तिचा चेहरा बघून माझी काच खाली करायची हिंमत होत नाही.

परवा संध्याकाळी असाच बसलो होतो. घरात आईची मालिका लागलेली, कुकर चढवलेला, बायको शाळेतून येऊन पेपर तपासत होती. ती उठून बाहेर आली, दुसऱ्या बाजूचं दार उघडून शेजारी बसली आणि दार ओढून घेतलं. मी आवाज कमी करायला हात पुढं केला.

"राहू दे," ती म्हणाली.

एक गाणं संपलं, दुसरं लागलं. ती समोर घराकडं बघत होती.

"आईंनी हाक मारली तर हितं ऐकू येतंय?"

"न्हाय."

"कुकरची शिट्टी?"

"न्हाय."

तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मग ही सीट मागं कशी पाडायची, तेवढं सांगा."