दीड बाहीचा स्वेटर

तिला ‘दीडबाही’ हे नाव नवऱ्यानं ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की शेजारपाजारचेही पाठीमागे तेच म्हणू लागले. तोंडावर मात्र सगळे काकूच म्हणत. नाव पडायला कारण होता एक राखाडी स्वेटर. पाठ झालेली, पुढचा भाग झालेला, गळा झालेला, एक बाही झालेली, आणि दुसरी कोपरापर्यंत येऊन थांबलेली. ती थांबली त्याला काही मोठं कारण नव्हतं. दुकानात केशरी लोकर आली होती, एवढंच.

दुकान लोकरीचं आणि बटणांचं. लग्नाआधीपासून ती तिथं काउंटरवर होती, पण तिचं खरं काम वेगळंच होतं. नवा माल आला की मालकीणबाई प्रत्येक रंगाचा एकेक गुंडा तिच्यापुढं टाकत आणि ती त्याचा तळहाताएवढा नमुना विणून देई. कशाला जाळीची वीण, कशाला वेणीची, कशाला साधी सुलट-उलट. तळहाताएवढं झालं की टाके बंद, आणि नमुना काउंटरमागच्या खिळ्यावर. गिऱ्हाइकं शितावरून भाताची परीक्षा करावी तशी तो चोळून बघत आणि म्हणत, “काय वीण आहे हो काकू तुमची.” तळहाताएवढं विणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यापुढं विणायचा तिला कधी कोणी पगार दिला नाही, हेही खरं. पण सगळं खापर दुकानावर फोडणं बरोबर नाही. तिच्या शेजारी आणखी एक बाई तेच काम करायची, आणि त्या बाईच्या घरची सगळी माणसं थंडीत डोक्यापासून पायापर्यंत लोकरीत असायची.

हिच्या घरी एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात मुलीचा शाळेचा स्वेटर होता, गळ्याशी थांबलेला. मुलगी आता दुसऱ्या गावी नोकरी करत होती. बहिणीच्या बाळाचा एक मोजा होता. त्या बाळाला आता मिशा होत्या. शाली म्हणून सुरू केलेल्या पट्ट्या होत्या, त्यांचा धड मफलरही होत नव्हता. नवी लोकर दिसली की तिला राहवत नसे. पहिल्या चार ओळींत वीण उमटू लागते तेव्हाचं सुख पुढच्या शंभर ओळींत मिळत नाही, आणि दुसरी बाही म्हणजे तर पहिली बाही विणल्याची शिक्षा. त्यात तिच्याकडं जाड सुयांचा जोड एकच. नवीन सुरू करायचं म्हणजे जुन्यातून सुया उपसायच्या, उघडे टाके दोऱ्यात ओवून ठेवायचे आणि ट्रंक उघडायची. “एक ना धड, भाराभर चिंध्या,” नवरा म्हणायचा. म्हणताना हसायचा. आपली आरंभशूर बायको म्हणजे त्याच्या घरातली हक्काची गंमत होती, आणि तिनंही त्याचं ते हसणं फार वर्षं गृहीत धरलं.

नवरा कोल्ड स्टोरेजमध्ये हमाल होता. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असल्या तरी आत तोंडातून वाफ निघे. तिथं फळांची खोकी आत न्यायची, बाहेर आणायची. जाड कोट मिळे, पण तो पाळीपाळीनं घालायचा, आणि याच्या पाळीला तो आधीच्या माणसाच्या घामानं ओला असायचा. म्हणून लग्न झाल्यावर त्यानं बायकोकडं एकच वस्तू मागितली होती, कोटाच्या आत घालायला उंच गळ्याचा जाड स्वेटर. तिनं उत्साहानं सुरू केला. माप घेताना ती म्हणायची, “अहो, जरा हात पुढं करा,” आणि तो हातातलं टाकून यायचा. पुढंपुढं तिच्या हातात सुया दिसल्या की न सांगताच हात लांब करून उभा राहायचा. ती म्हणायची, “तुमचं नाहीये हे, शेजारच्या बाळाचं आहे.” मग तो हात तसाच डोक्याकडं नेऊन केस खाजवायचा.

दरवर्षी थंडी आली की तो आठवण करी. “अगं, माझा एक हात अजून उघडाच आहे.”

“होईल हो. अर्ध्या बाहीचं तर काम आहे.”

अर्ध्या बाहीचं काम होतं म्हणूनच ते राहिलं. अवघड कामाला माणूस कधीतरी कंबर कसतो. सोपं काम मात्र उद्यावर टाकलं जातं आणि ते तिथंच राहतं.

मग एके वर्षी त्याला छातीच्या दुखण्यानं गाठलं. आधी खोकला, मग दम, मग जिना चढताना मध्येच बसणं. डॉक्टरांनी फोटो काढला आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसांत फारसं काही उरलेलं नाही, घरीच ठेवा, थंडी लागू देऊ नका. नोकरी सुटली. मुलगी रजा काढून आली. आडवा झाला की त्याचा श्वास कोंडे, त्यामुळं तो रात्रंदिवस खाटेवर उशांना टेकून बसलेला असायचा. आणि बसलेल्या माणसाच्या खांद्यावर पांघरूण राहत नाही. मुलगी सरळ करून जाई, तो खोकला की पुन्हा घसरे. अंगात घालायचं काहीतरी हवं होतं, जाड, गळ्यापर्यंतचं.

“तो माझा काढ आता,” तो एका सकाळी म्हणाला.

तिनं ट्रंक उपसून राखाडी स्वेटर काढला. झटकला आणि त्याच्या छातीशी लावला. स्वेटर दोन खोकी एकदम उचलणाऱ्या माणसाचा होता. समोर बसलेला माणूस त्यात दोनदा मावला असता. खरं तर ते तिला बघवलं नाही. पण तोंडून निघालं ते दुसरंच.

“हा तर पोतं झालाय तुम्हाला. आणि टोचेल. मी नवीन घालते, मऊ लोकरीचा, तुमच्या आत्ताच्या मापाचा.”

“नवीन नको गं. हाच पुरा कर. अर्धी बाही तर राहिलीय.”

“बघा तरी किती छान लोकर आलीय. पटकन होईल.”

“मग असाच दे. आहे तसा घालतो.”

“असा?” ती म्हणाली. “उघडे टाके आहेत. सगळं उसवत जाईल. आणि कोणी भेटायला आलं तर? लोकरीच्या दुकानात आयुष्य काढलं आणि नवऱ्याच्या अंगावर अर्धवट स्वेटर?”

त्यानं मुलीकडं पाहिलं. मुलगी म्हणाली, “आई, दे ना. घरातच तर आहेत.” पण तोवर स्वेटर ट्रंकेत गेला होता. टाके सुटतील ही भीती खोटी नव्हती, पण टाक्यांतून ओवलेल्या दोऱ्याला गाठ मारली असती तर एकही टाका हलला नसता, आणि हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. तहान लागल्यावर विहीर खणणारे पुष्कळ असतात. हिच्याकडं पाणी काठोकाठ भरलेलं होतं, तरी हिनं कुदळ घेतली.

नवा स्वेटर निळा होता. पाठीची किनार झरझर झाली. दुकानातून आली की ती त्याच्या खाटेशेजारी बसून विणायची, आणि त्या पहिल्या दिवसांत तिला खरंच बरं वाटे. जणू स्वेटर वाढतोय तसा तोही भरत जाईल. मग तिच्या मनात आलं, याचे पाय फार गार पडतात, आधी मोजे करावेत. तिनं सुया उपसल्या. एक मोजा झाला. दुसऱ्याची टाच वळायच्या आत तिला निळ्याची आठवण झाली, आणि ती पुन्हा निळ्याकडं वळली. मुलगी हे बघत होती. बोलली नाही, कारण आईच्या हातातून सुया काढून घेतल्या तर ती कोसळेल असं तिला वाटलं.

पाठ काखेपर्यंत आली त्या दुपारी तो डोळे मिटून बसला होता. सुयांचा आवाज ऐकून त्यानं डोळे उघडले, निळं विणकाम बघितलं, आणि पांघरुणातून हात बाहेर काढून पुढं केला. मनगटाची हाडं वर आली होती. तरी त्यानं हात सरळ धरला.

“बाहीला अजून वेळ आहे हो,” ती म्हणाली. “आत्ता पाठ चाललीय. ठेवा तो आत, गार पडेल.”

त्यानं हात आत घेतला. पांघरूण खांद्यावरून घसरलं, तिनं ओळ संपवली आणि मग ते वर ओढलं. दोन दिवसांनी तो गेला, बसल्या बसल्याच. शेवटी त्याला हात लावला तेव्हा छातीशी थोडी ऊब होती, खांदे मात्र केव्हाचे गार पडले होते. ते तिच्या हाताला कळलं आणि हातातच राहिलं.

माणसं आली, गेली. कोल्ड स्टोरेजमधला त्याचा जोडीदार कोपऱ्यात बसून रडला आणि म्हणाला, “आमच्यात थंडीला सगळ्यात कमी कुरकुरणारा हाच.” घर रिकामं झाल्यावर एका दुपारी तिनं ट्रंक उघडली. राखाडी स्वेटर बाहेर काढला. जाड सुया निळ्यात अडकल्या होत्या. त्या उपसल्याशिवाय राखाडी हातात घेता येत नव्हता. त्याचा एक स्वेटर पुरा करायला त्याचाच दुसरा सोडावा लागला. तिनं निळ्याचे टाके दोऱ्यात ओवले आणि बाही कोपरापासून उचलली.

ती विणत राहिली. कोपराच्या वर तिची तरुणपणीची सैल वीण होती आणि खाली आत्ताची आवळ; मधली रेघ स्पष्ट दिसत होती. दुसऱ्या दुपारी मनगटाची पट्टी झाली. शेवटचा टाका बंद करून तिनं लोकर तोडली, बाही सपाट केली, आणि मान वर न करता म्हणाली, “अहो, जरा हात पुढं करा.”

आतल्या खोलीत कपाट आवरणारी मुलगी दाराशी आली. तिनं आईकडं बघितलं, मग मांडीवरच्या स्वेटरकडं. दोन्ही बाह्या पुऱ्या होत्या.

“आई, हा तू कालच हातात घेतलास ना?”

“हो.”

“एवढंच राहिलं होतं?”

“एवढंच.”

मुलगी परत कपाट आवरायला गेली. ती बोलली असती, ओरडली असती, तर फार बरं झालं असतं, असं आईला वाटत राहिलं. स्वेटरची घडी घालून ती तशीच बसली. सुया रिकाम्या झाल्या होत्या, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच तिला त्यांवर काही घालावंसं वाटलं नाही.