प्रभुभोजनाची पोळी

मला एका जागी बसणं कधी जमलं नाही. उपासनेला बसले की दहा मिनिटांत पाय हलायला लागे, आणि हे समोरून गीत म्हणता म्हणता डोळ्यांनी दटावत. हे म्हणजे माझे यजमान. तिरोड्याच्या अलीकडच्या एका खेड्यात ते मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी शाळेच्याच कवेलूच्या, म्हणजे कौलारू, खोलीत उपासना चालवत. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडे. गावात ख्रिस्ती घरं पाच, बाकी सगळे धानाचे शेतकरी. आम्ही दोघांनी लग्नानंतर दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला होता.

सासूबाईंनी तो घेतला नाही. एकुलता एक मुलगा धर्म सोडून गेला तरी त्याला सोडून जायचं कुठे, म्हणून त्या आमच्याच घरात राहत. पडवीत त्यांची वेगळी चूल होती. रांधत आपलं आपण, पण पाणी मी भरलेलं घेत. महिन्यातले विटाळाचे चार दिवस मात्र तेही नाही. मी काही सांगायची गरज नसे, त्यांना कळायचंच. मग त्या गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, उचलून स्वतः विहिरीवर जात, आणि मी त्यांच्या पाठीकडे बघून चरफडत बसे.

कारण तो विटाळ मानायचा नाही, असा मी गावात मोठा गाजावाजा केला होता. आमच्यात ढेकीवर धान कांडून पोट भरणारी एक विधवा नव्याने येऊ लागली होती. एका रविवारी ती आत न येता वळचणीखाली बसून राहिली. ती विटाळशी आहे हे माझ्या लक्षात आलं. मी उठले, सगळ्यांदेखत तिचं मनगट धरलं आणि तिला आणून चटईवर बसवलं. नंतर बायकांच्या सभेत तासभर बोलले. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईने गर्दीत प्रभूच्या वस्त्राला हात लावला, तेव्हा त्याने तिला हाकललं नाही, मुलगी म्हटलं, हे त्या विधवेला दोनदा सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमी म्हणता तं बसतो, मास्तरीणबाई." मला वाटलं, मी जिंकले.

तीन-चार महिन्यांतून एकदा गोंदियाहून पाळक येत. तिरोड्यापर्यंत आगगाडीने, पुढे बैलगाडीने. ते आले की प्रभुभोजन व्हायचं, प्रभूच्या आठवणीसाठी सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायचा तो विधी. द्राक्षारस म्हणजे मनुका भिजवून उकळलेलं पाणी, आणि भाकर म्हणजे गव्हाची पोळी, कारण आमच्या भाताच्या मुलखात पाव कुठला मिळायला. ती पोळी घरोघर बायबल वाचून दाखवणारी एक म्हातारी बायबलबाई करायची. त्या खेपेला तिला ताप आला आणि काम माझ्याकडे आलं. पीठ हातात देताना ती एवढंच म्हणाली, "मन शुद्ध ठेवून कर वो."

रविवारी पहाटे उठले तर माझेच दिवस सुरू झालेले.

आता खरं सांगते. बाप्तिस्मा घेतल्यापासून त्या दिवसांत मी रोज रांधत होते. पण संध्याकाळचा भात वेगळा आणि प्रभूच्या मेजावरची पोळी वेगळी, असं त्या पहाटे माझ्या पोटातून कुणीतरी ओरडत होतं. दुसऱ्या घरी जाऊन 'तू कर' म्हणावं, तर का म्हणून सांगू? मनगट धरून बाईला आत आणणारी मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! धीर मिळावा म्हणून पुस्तक उघडलं आणि नेमकं जुन्या करारातलं लेवीय, नियमांचं पुस्तक, निघालं. तिथे लिहिलेलं, अशी बाई सात दिवस अशुद्ध. आमच्याकडे निदान चारच होते. आगीतून फुफाट्यात पडले. त्या बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईची गोष्टही त्याच पुस्तकात आहे हे मला ठाऊक होतं, पण त्या घडीला ती माझ्या उपयोगाची राहिली नाही.

मी डोक्यावरून अंघोळ केली. कणीक भिजवली, टाकून दिली, पुन्हा भिजवली. तीनदा हात धुतले. सासूबाई आपल्या चुलीशी बसून सगळं बघत होत्या.

"काऊन वो, किती वेळा हात धुऊन राहिली?"

मी कणकेचा गोळा हातात घेतला.

"तुया देवाले चालते म्हणतेस. मंग तुलेच काऊन नाही चालून राहिलं?"

मला इतका राग आला की पोळी तव्यावर तशीच राहिली आणि एका बाजूने करपली. पीठ आता उरलं नव्हतं. तीच पांढऱ्या फडक्यात गुंडाळली.

त्या सकाळी आधी त्या विधवेचा बाप्तिस्मा झाला. प्रभुभोजन तिचं पहिलंच, म्हणून ती माझ्या शेजारी बसली होती. पाळकांनी पावित्र्यावर उपदेश केला. पवित्र म्हणजे देवासाठी वेगळं काढलेलं, असं ते म्हणाले. मी मनात म्हटलं, आणि आमच्या लोकांत वेगळी बसवतात ती अपवित्र. पुढे त्यांनी ते वचन वाचलं, की प्रत्येकाने आधी स्वतःला पारखावं आणि मगच ही भाकर खावी. ज्या पोळीची मला स्वतःलाच खात्री नाही ती मी सगळ्या मंडळीच्या तोंडात घालते आहे, याची मला भीती वाटत होती. एकदा वाटलं उठून सांगावं. पण पाच घरच्या पुरुषांपुढे कुठल्या तोंडाने सांगू?

ताट घेऊन हेच बायकांच्या बाजूला आले. माझ्यापुढे थांबले. मी नको म्हणून मान हलवली. ह्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि ताट पुढे सरकलं.

विधवेने हात पुढे केला होता. तिने माझ्याकडे बघितलं, पाठीवरच्या ओल्या केसांकडे बघितलं, आणि मी विटाळामुळे डोक्यावरून न्हाले आहे हे तिला कळलं. हात परत मांडीवर गेला. "मंग मीबी नाही," ती हळूच म्हणाली.

तिचा तो हात मी अजून विसरले नाही. मनगट माझ्याच ओळखीचं होतं. माझ्या शब्दावर ती बाई भावकीला सोडून आली होती, आणि मी मान हलवून एका घटकेत तिला पुन्हा वळचणीखाली नेऊन बसवलं होतं. माझं जे व्हायचं ते होवो, असं म्हणत मी ताटाची कड धरली. ह्यांना थांबावं लागलं. मी तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. करपलेल्या बाजूचाच निघाला. मग तिनेही उचलला. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, माझे उघडे. तिने घास गिळला हे दिसेपर्यंत मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ह्याला उपासना म्हणायचं की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी तरी माझ्याकडून दुसरी झाली नाही.

दुपारी घरी आले. हे पाळकांना पोचवायला गेले होते. सासूबाई पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी मुद्दाम लांब बसले.

"खाल्लं सगळ्यायनं?"

"हो."

"तूनबी?"

"हो."

"कोणाले काही झालं?"

"नाही."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मला वाटलं आता टोमणा येणार, आणि मी उत्तर जुळवून ठेवलं.

"तुया नवऱ्याच्या आंधी मले एक पोरगी होती," त्या म्हणाल्या. "पाच वर्साची. तिले माता आली, आन् मी बाहेर बसली होती."

माता म्हणजे देवीचे फोड. आजार असेपर्यंत देवी घरात राहायला आलेली असते असं मानत, आणि विटाळशीची सावलीसुद्धा आजाऱ्यावर पडू देत नसत. हे माझ्या माहेरीही होतं.

"माही सासू दारात उभी राहिली. म्हणे, तू शिवली तं माता कोपन. पोरगी आत 'माय, माय' करून राहिली होती. मी परसातून आयकून राहिली होती. तिसऱ्या दिशी आवाज बंद झाला."

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मी आत गेली असती तं काही झालं नसतं. नाही?"

प्रश्नावर उत्तर द्यायला मी आयुष्यात कधी थांबले नव्हते. तेव्हा थांबले. 'झालं असतं' म्हणाले असते तर सकाळचा माझा घास खोटा ठरला असता, आणि त्या विधवेचाही. 'नसतं' म्हणाले तर ह्या म्हातारीने ते तीन दिवस परसात उगाच काढले, असं मीच तिला तोंडावर सांगणार. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला उठून पळून जावंसं वाटलं.

"नाही," मी म्हटलं. "काही झालं नसतं."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"मले तवाच वाटलं होतं," त्या म्हणाल्या.