फोटोतला हातोडा

धाकट्या बहिणीचा मला हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे समजूतदारपणाचा आव आणायला नको.

आम्ही दोघीही भूशास्त्र शिकलो, पुण्यात. ती दर उन्हाळ्यात लडाखला जाते आणि हिमालयाच्या खडकांवर संशोधन करते. मी लग्नानंतर बंगळुरूला आले. यशवंतपूरच्या एका शेडमध्ये बसून, इमारतींच्या पायासाठी भोकं पाडताना निघालेले दगडाचे लांबट तुकडे तपासते. तीनशे कोटी वर्षं जुना, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खडक. कुठेही भोक पाडा, तोच. त्या तुकड्यांच्या पेट्या लावणारे अण्णा बेळगावकडचे. रोज झाकण उघडून म्हणतात, "अक्का, स्वल्प बघा. आजबी तेच हाय की!"

हे वेड तिला लावलं मीच. ती शाळेत असताना सतरंजी भिंतीशी ढकलून दाखवली होती. मी म्हणजे भारत, भिंत म्हणजे आशिया, सतरंजी म्हणजे मधल्या समुद्रातला गाळ. भारत सरकत गेला, समुद्र मिटला, गाळाला वळ्या पडून तो वर आला, झाला हिमालय. त्या डोंगराच्या भाराने पायथ्याची जमीन वाकली, खोलगट झाली आणि नद्यांनी डोंगरच झिजवून आणून तिच्यात भरला. तो गंगेचा सपाट मुलूख. ती सतरंजीवर उड्या मारत "परत, ताई, परत!" म्हणत होती. मेलीने तेव्हाच माझा हिमालय पळवला.

आणि अन्याय बघा. भारताखालची अख्खी प्लेट एकत्र सरकते, आजही, वर्षाला चार-पाच सेंटीमीटर. म्हणजे जे. पी. नगरातलं माझं स्वयंपाकघरसुद्धा उत्तरेला निघालंय. पण उंच व्हायचं ते तिकडे, कौतुक व्हायचं तेही तिकडेच. इथे साधी सुरकुतीसुद्धा नाही. आईचा पुण्याहून फोन येतो तोच मुळी, "धाकटीचे फोटो पाहिलेस का गं?"

पाहते ना. बोटांनी मोठे करकरून पाहते. आमच्यात खडकाचा फोटो नुसता काढत नाहीत, शेजारी काहीतरी ओळखीचं ठेवतात, पेन, नाणं, हातोडा. नाहीतर ती वळी डोंगराएवढी की तळहाताएवढी, कळणार कसं? तिच्या प्रत्येक फोटोत हातोडा असे. माझा हातोडा! दांड्याला मीच गुंडाळलेली लाल चिकटपट्टी. कॉलेजच्या पहिल्या अभ्याससहलीसाठी घेतलेला, बंगळुरूला येताना मोठ्या मनाने तिला देऊन टाकलेला. मी हिमालय एकदाही पाहिलेला नाही. माझा हातोडा मात्र तिथल्या सगळ्या खिंडी हिंडून आला. त्या लोखंडाचाही मला हेवा वाटायचा.

यंदा लडाखला जाण्याआधी ती दोन दिवस आमच्याकडे राहायला आली. जेवताना माझी आठ वर्षांची लेक तिला चिकटूनच बसली. मावशीने समुद्रातल्या शिंपल्याचा ठसा असलेला दगड आणला होता, डोंगरमाथ्यावर सापडलेला. लेकीने तो ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "मावशी खरी दगडवाली आहे. आई नुसती पेट्या बघते."

बहीण हसली नाही, पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. भाताची वाढणी हातात तशीच धरून मी म्हणाले, "माझा हातोडा ठेवून जा या वेळी. कामाला लागतो मला."

साफ खोटं. आमच्याकडे दगड यंत्राने कापतात. तिलाही ते ठाऊक होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि "बरं, ताई" एवढंच म्हणाली. सकाळी ती गेल्यावर पाहिलं तर हातोडा चपलांच्या रॅकवर ठेवलेला होता, नीट पुसून. मला जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू!

तीन आठवड्यांनी तिचे फोटो आले. वळ्या तशाच देखण्या, पण शेजारी निळ्या मुठीचा, आटोपशीर, हलका हातोडा. लेक माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाली, "आई, तुझा हातोडा कुठाय यात?"

तुझा. म्हणजे तो फोटोंत असायचा, हेही हिला माहीत होतं.

"मावशीनेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "प्रत्येक फोटोत आई आहे, शोध म्हणाली होती."

मी तडक बहिणीला फोन लावला. रेंज कशीबशी मिळाली. नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "नवा घेतलास वाटतं हातोडा?"

"नवा कुठला? पाच वर्षं याच्यानेच तर फोडतेय."

"आणि माझा?"

"तुझा जड आहे गं, ताई. वर श्वास लागतो, तिथे तो कुठे चालवणार? तो नुसता फोटोपुरता न्यायचे."

"मग एवढं ओझं न्यायचीस कशाला, वेडे?"

पलीकडे वारा घोंघावत होता.

"तू यायची होतीस ना इथे," ती म्हणाली.

लेक चपलांच्या रॅकपाशी जाऊन हातोडा दोन्ही हातांनी उचलून पाहत होती. तिला तो पेलत नव्हता.