आक्काच्या सासरचं पाणी

त्र्याहत्तर सालचा मे महिना. माझी बी.ए.ची परीक्षा संपली होती. आई म्हणाली, "आक्काला बघून ये. लग्न झाल्यापासून माहेरचं कुणी फिरकलं नाही तिकडं." आक्का माझी मोठी बहीण, पारनेरच्या बाजूला एका खेड्यात दिलेली. दुष्काळात दूध मिळायची मारामार, तरी आईनं कुठून कुठून जमवून खवा आटवला आणि खव्याच्या आठ पोळ्या फडक्यात बांधून दिल्या. "सासूबाईंच्या हातात दे," हे तिनं दोनदा बजावलं.

नगरहून सुप्याला आज तुम्ही पाऊण तासात पोचाल. तेव्हा आमची एस.टी. वाटेतच बंद पडली आणि चार तास आम्ही लिंबाखाली बसून होतो. भूक लागली म्हणून एक पोळी खाल्ली. सात दिल्या तरी चालतील, असं मनाला सांगितलं. मग आणखी दोन खाल्ल्यावर पाचच न्यायची लाज वाटायला लागली आणि ती लाजही मी खाऊनच मिटवली. शेवटच्या दोन आंबूस लागत होत्या, तरी सोडल्या नाहीत. याला हावरटपणाच म्हणतात.

सुप्यापासून दोन कोस पायी. निम्म्या वाटेत पोटात कळ आली. माळावर आडोशाला झुडूप नाही, जवळ थेंबभर पाणी नाही. शेवटी ढेकळांवर भागवलं. लांब खडी फोडणाऱ्या बायांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

आक्काच्या घरी पोचलो, दोन तांबे पाणी घटाघटा प्यालो आणि तासाभरात टमरेल घेऊन पळापळ सुरू झाली. संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले.

"वाटेत काय खाल्लंस रे?" आक्कानं विचारलं.

"काही नाही. इथलं पाणीच बाधलं असेल."

करून गेला गाव अन् कान्होबाचं नाव, तशातली गत. सासूबाईंचा चेहरा पडला.

"आमच्या पान्यानं व्हय? लई वंगाळ झालं बया. सूनबाई, गाळून घेतलं न्हवतं का?"

"घेतलं होतं," आक्का म्हणाली.

सासूबाईंनी सगळा रांजण उपसून गाईपुढं ओतला. आक्का दोन हंडे घेऊन निघाली. विहीर मैलभर लांब, तळाला झरा, आणि पाणी वाटी-वाटीनं भरायचं. ती परत आली तेव्हा अंधारून आलं होतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो.

सासूबाईंनी सणासाठी राखलेले मूठभर तांदूळ काढले, मऊ पेज केली, मीठ घातलं आणि चमच्यानं भरवली. जायफळ उगाळून चाटवलं. "पानी तोडू नगंस. घोट घोट घेत ऱ्हा," असं सारखं सांगत होत्या. आमच्या शहरात तेव्हा जुलाब झाले की पाणी बंद करत. डोंगरात, माळावर फिरणाऱ्यांनो, त्यांचंच ऐका: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, तसाच छोटा अर्धा चमचा मीठ, आणि ते थोडं थोडं पीत राहायचं. रक्त पडलं किंवा पाणीही पोटात ठरेना, तर सरळ डॉक्टर गाठा. मला मात्र त्या प्रत्येक घोटाबरोबर आक्काची ती मैलभर चाल दिसत होती.

तिसऱ्या दिवशी निघालो. आक्का वेशीपर्यंत आली आणि तिनं माझ्या पिशवीतलं ते तेलकट फडकं घडी करून माझ्याच हातात ठेवलं.

"आईला सांग, पोळ्या पोचल्या."

एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर आईनं विचारलं, तेव्हा मी "पोचल्या" म्हणालो. आईला इतका आनंद झाला की मला तिच्यासमोर उभं राहवेना.

त्या प्रवासातलं माझ्याकडं काय उरलं, ते सांगतो. पुढं पाऊस झाला, विहिरी भरल्या, गावात नळ आला. तरी मी गेलो की सासूबाई सरपण जाळून माझ्यासाठी वेगळं पाणी उकळायच्या आणि ताटाशी वेगळा तांब्या ठेवायच्या. "आमचं पानी त्येला सोसत न्हाई," असं आल्या-गेल्याला सांगायच्या, अगदी आपलाच गुन्हा असल्यागत. आक्का तेव्हा उठून आत जायची. त्या वारेपर्यंत मी तेच पाणी पीत राहिलो.