तीन राजे आणि उसना बैल

हातात चांगली पानं आली की ती लपवावीत की लगेच मोठी बोली लावावी, याचा विचार मी कॉलेजच्या पुस्तकांपेक्षा जास्त केला आहे, हे लिहिताना मला संकोच वाटतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. दूरच्या कुठल्याशा देशात लढाई चालू होती, तिथला कापूस बंद पडला, आमच्या कापसाला भाव आला आणि मी बार्शीटाकळीजवळच्या गावातून पुण्याला गेलो. दुसऱ्यांच्या लढाईवर आपण शिकतो आहोत ही टोचणी मला तेव्हाही होती. पण ती लांबची होती. जवळची टोचणी त्या हिवाळ्यात अमरावतीच्या बाजारात लागली.

सुट्टीत मी बाबांबरोबर रुईची गाडी घेऊन गेलो होतो. अकोल्यापेक्षा तिकडे भाव चढा आहे असं ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं असावं, कारण तोलाच्या काट्यापासून थेट नाल्यापर्यंत गाड्यांची रांग लागली होती. दिवस मावळला की काटा बंद. ज्याची पाळी राहिली त्याने गाडीखाली झोपायचं आणि सकाळच्या भावाची वाट पाहायची.

आमच्या पुढच्या गाडीवाल्याने अचलपूरच्या छावणीत सामान वाहिलं होतं. तिथल्या शिपायांकडून तो तीन पानांचा खेळ शिकला होता. प्रत्येकाला तीन पानं, तिन्ही सारखी आली तर सगळ्यांत भारी. ज्याला आपली पानं भारी वाटतील त्याने बोली चढवायची, नको असतील त्याने पानं पालथी टाकून बाहेर पडायचं. रांगेत पैशावर खेळायचं नाही असा त्याचाच नियम होता. बैलांसाठी आणलेली सरकी पुढे ठेवायची. एक सरकी म्हणजे रांगेतली एक जागा. हरणाऱ्याने तितक्या गाड्या मागे जायचं, जिंकणाऱ्याने पुढे. ही अदलाबदल सगळी रांग निमूट मान्य करी.

बाबा पत्त्यांना हात लावत नसत. ते जुवाला टेकून दोर वळत बसले. मी पुण्यात हा खेळ पाहिला होता, म्हणून बसलो.

दुपारी मला तीन गुलाम आले. मी काही बोललो नाही. तोंड पाडून एकच सरकी ठेवली. छावणीवाल्याला बोली चढवण्याची हौस फार. तो चढवत गेला आणि मी दर वेळी, जणू नाइलाजाने, त्याच्याइतकी सरकी ठेवत गेलो. पानं उघडल्यावर आजूबाजूचे गाडीवाले मांड्या थोपटून हसले. तोही हसला. म्हणाला, "मास्तर दिसते गाय, पण लाथ मारते."

मला ते आवडलं. खूप आवडलं.

मग आमच्या मागचा, मघापासून उभ्याने डाव पाहणारा एक माणूस येऊन बसला. बडनेऱ्याच्या पलीकडच्या गावचा, भाजीपाला आणि थोडा कापूस पिकवणारा. एकटाच आला होता. त्याच्या गाडीचा एक बैल त्याचा आणि दुसरा, ढवळा, शेजाऱ्याचा. दोघांची सावड होती. एकेक बैल दोघांचा आणि जोडी पाळीपाळीने वापरायची. उद्या पहाटे ढवळा शेजाऱ्याच्या मोटेवर हवा होता. तिथे दुसऱ्या कुणाची जोडी यायची होती, तिच्यातला एक बैल लंगडत होता, म्हणून त्याच्या जागी हा. ढवळा पोचला नाही तर मोट थांबणार, मिरची वाळणार आणि सावड तुटणार. सावड तुटली तर याच्याकडे एक बैल उरणार, आणि एका बैलाने शेती होत नाही. आज तोल व्हायलाच हवा होता. त्याची गाडी अगदी काठावर होती. दिवस असेपर्यंत काटा तिच्यापर्यंत पोचेलही, नाहीही. म्हणून दोन-तीन जागा पुढे सरकावं एवढ्यासाठी तो बसला.

त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं. हे खरं आहे. पुढचंही खरं आहे.

पानं वाटली. मला तीन राजे आले.

या वेळी लपवायचं नाही, एकदम मोठी बोली लावायची, म्हणजे तो घाबरून सुटेल, असं मला वाटलं. मी पाच सरक्या एकदम पुढे ठेवल्या. छावणीवाल्याने पानं फेकली. बडनेऱ्याकडचा तो माणूस मात्र माझ्याकडे पाहत राहिला.

"काका, टाका पानं," मी म्हणालो.

"मघा गुलाम होते तं तू मुक्यावाणी बसला होता," तो म्हणाला. "आता ढोल वाजवून राहिला. ढोल पोकळ असल्याबिगर वाजते का कुठं?"

त्याने पाच सरक्या मोजून ठेवल्या.

तेव्हाही वेळ होती. माझी पानं पालथी टाकून मी उठू शकलो असतो. कुणी विचारलं नसतं. ते मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण ते तीन राजे होते, आणि मी त्याला बजावलं होतं, आणि बजावूनही तो बसला तर माझा काय दोष, असं मी स्वतःला सांगितलं. पानं उघडली. त्याच्याकडे दोन एक्के होते.

पत्त्यांच्या हिशेबाने तो डाव मी अचूक खेळलो होतो. आधी लपवलं होतं म्हणूनच या वेळी उघड बोलीवर विश्वास बसला नाही. मुरलेला जुगारी मुद्दाम हेच करतो. मी मुद्दाम केलं नाही, हे सांगून फारसा फरक पडत नाही.

तो उठला आणि गाडी मागे घेऊ लागला. मी जागा परत देऊ लागलो तर म्हणाला, "नको बापा. उद्या साऱ्या रांगेत हेच सांगतीन, का हरला आन रडून परत घेतली."

आमचा तोल ऊन असतानाच झाला. गाडी रिकामी करून मी बाबांजवळ आलो. दोर वळता वळता त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांना खेळ येत नव्हता, म्हणून त्यांनी एवढंच विचारलं, "हातातली पानं टाकून देता येतात का त्यात?"

"येतात," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग आमचा एक बैल सोडून त्या माणसाच्या गाडीकडे नेला. आपण आज मुक्काम करू, सकाळी आमचा बैल त्याच्या जुवाला लावून गाडी काट्यावर नेऊ, असं त्याला सांगितलं. त्याला रुई सोडून हलता येत नव्हतं. ढवळ्याची वेसण बाबांनी माझ्या हातात दिली.

"हा नेऊन दे," ते म्हणाले. "घर त्यालेच ठाऊक आहे."

खरंच त्याला ठाऊक होतं. बडनेरा मागे पडल्यावर मी फक्त वेसण धरून चालत होतो. पुण्याच्या जोड्यांनी टाचा सोलल्या, तेव्हा ते काढून हातात घेतले. शेजाऱ्याला काय सांगायचं याची मी वाटभर जुळवाजुळव केली. तोल लांबला, गर्दी फार, असंही सांगता आलं असतं, आणि ते खोटं नव्हतं.

गावात दिवे लागत होते. ढवळा एका आवारात आपणहून शिरला. म्हातारासा एक माणूस बाहेर आला, त्याने बैलाच्या मानेवरून हात फिरवला आणि मग मला पाहिलं. त्याने काही विचारायच्या आत मी बोललो. "मी पत्त्यात त्यांची पाळी जिंकली. त्यामुळे त्यांचा तोल राहिला. त्यांची चूक नाही."

त्याने माझ्या हातातल्या जोड्यांकडे पाहिलं.

"रस्त्यानं पाणी पाजलं का याले?" त्याने विचारलं.

वाटेत नाला लागला होता. मी थांबलो नव्हतो.

"नाही."

"मंग पयले ते कर. बाकीचं मंग पाहू."

त्याने विहिरीकडे बोट दाखवलं. मी दोर सोडला, पोहरा ओढला, डोणीत ओतला. ढवळा पीत राहिला. मी आणखी ओढला. दोराने तळवे सोलले तरी तो मान वर करीना.