भावजींच्या गाडीचे पाटे

आमच्या धाकट्या भावजींइतका भित्रा माणूस अख्ख्या कल्याणात नव्हता, आणि लॉरी चालवणाऱ्यांत तर नव्हताच नव्हता. पालीला भ्यायचे, विजेच्या बटनाला भ्यायचे, आणि लग्नाला तर इतके, की मुलगी बघायला निघालं की त्यांचं पोट दुखायला लागायचं. आमच्या चाळीची मागली भिंत जरा फुगलेली. भावजी रोज सकाळी तिला हात लावून बघायचे, मगच चहा प्यायचे. "वहिनी, आज आणखी पुढं आलीय." मी म्हणायची, "येऊ दे. आली की तिलाही चहा देऊ."

त्या भिंतीपायीच पुढचं सगळं झालं. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघायच्या, त्यातली एक लहान लॉरी भावजींनी भाजी न्यायला घेतलेली. तिच्या मागच्या उघड्या हौद्यावर ह्या गृहस्थांनी लाकडाची खोली बांधली! वर पत्रा, आत बाक, खिडकीला पडदासुद्धा. भिंत पडली तर सगळ्यांनी त्यात राहायला जायचं. पण खोलीच्या वजनानं गाडी मागून बसली. झालं, नवी भीती. मागच्या चाकांवर पोलादी पाटे असतात, एकावर एक, कमानीसारखे. सगळा भार त्यांच्यावर. भावजींनी भंगारातून एक जाड पाटा आणून लोहाराकडून बसवून घेतला. गाडी मागून वर आली, तरी जिवाला चैन नाही. आणखी एक घातला. मग आणखी एक. लोहार म्हणाला, "अहो, हत्ती न्यायचाय का?" गाडी चिडलेल्या मांजरासारखी पाठ वर करून उभी राहायला लागली, आणि रिकामी निघाली की नुसती उडायची. आंबिवलीहून मी एकदा तिच्यातून कोहळा आणला, तो घरी आला फुटून. शेजारच्या सोनारीण काकू अंगानं भारी. त्यांना मात्र भावजी कधी चढू द्यायचे नाहीत. "पाटे मोडतील, काकू."

माझं पहिलं पोर जन्मतानाच गेलेलं. फार रडले नाही, कामं होती. दुसऱ्या खेपेला दुपारी कळा सुरू झाल्या, हे कामावर गेलेले. सुईणीनं पोट पुन्हा पुन्हा चाचपलं. मग म्हणाली, "आडवं आहे गं. ठाण्याला मोठ्या दवाखान्यात न्या, मला जमायचं नाही."

भावजी पांढरेफटक. गाडीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. "वहिनी, तो कोहळा..." मलाही कोहळाच दिसत होता.

एकदम जाऊन त्यांनी सोनारीण काकूंपुढे हात जोडले. "काकू, चला. भार असला तरच हे पाटे नमतात. तुम्ही बसा, अगदी चाकावर."

"मेल्या, इतके दिवस मला खालूनच परत पाठवलंस, आज बरी आठवण झाली!" म्हणत काकू चढल्यासुद्धा. त्यांच्यामागून चाळ चढली. कोणी जातं आणलं, कोणी तांदळाची गोण. घरात जे जड असेल ते. गाडी हळूहळू खाली बसली, तेव्हा कुठं मला उचलून गोधडीवर निजवलं.

रस्ता म्हणजे खड्डेच, पण गाडी पाळण्यासारखी डुलत गेली. दर खड्ड्याला भावजी पुढून ओरडायचे, "वहिनी, आहात ना?" मी म्हणायची, "आहे." मुंब्र्याच्या अलीकडे अशी कळ आली, की तोंडातून शब्द फुटेना. गाडी थांबली. भावजी हातातलं चाक घट्ट धरून बसलेले. काकू गरजल्या, "चालव रे मुडद्या! ती आहे, मी आहे, सगळे आहोत! तू असाच बसलास तर मात्र कोणी उरायचं नाही!" गाडी हलली. मी दात आवळून म्हटलं, "आहे."

मुलगी झाली. जगली. भावजी दवाखान्यात आलेच नाहीत, सुईला भ्यायचे. बाहेर गाडीखाली वाकून पाटे बघत बसलेले.

ती भिंत भावजी गेल्यावरही पुष्कळ वर्षं उभी होती. गाडी त्याआधीच भंगारात गेली. आता मी लेकीच्या मोटारीत बसते. गादी मऊ, गाणी लावलेली, खड्डा आला तर नुसता झोका लागल्यासारखं होतं. पुढून कोणी काही विचारत नाही. मी आपली खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणते, "आहे."